‘तुमच्यात’ आणि ‘आमच्यात’: समुपदेशनाच्या खोलीतली सांस्कृतिक जाण

(युवा अभ्यास शिबिरात एका समुपदेशक कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘मुस्लिम तरुण आणि मानसिक आरोग्य’ असा विषय दिला होता. डिप्रेशनची लक्षणं, ताण कमी करायचे उपाय वगैरे सांगता आले असते, पण ते तुम्ही मोबाइलवर वाचलेलं असतं. मला त्याच्या पुढच्या पायरीबद्दल बोलायचं आहे. समजा, तुम्ही हिंमत केलीत, घरी सांगून किंवा न सांगता एखाद्या समुपदेशकाची वेळ घेतलीत आणि आत जाऊन बसलात. आता समोरचा माणूस तुम्हाला समजून घेईल का? आणि उद्या तुमच्यापैकी कुणी त्या दुसऱ्या खुर्चीत बसलं, तर तुम्ही समोरच्याला समजून घ्याल का?

एक प्रसंग सांगते. आज मी ज्यांच्याविषयी बोलेन, त्यांची ओळख पटेल असे तपशील बदललेले आहेत.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी. छातीत धडधडायचं, झोप लागायची नाही, पेपर समोर आला की काहीच आठवायचं नाही. मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती एका समुपदेशक बाईंकडे गेली. बाई स्वभावाने चांगल्या. त्यांनी पाणी दिलं, हळू आवाजात बोलल्या. मग विचारलं, “तुमच्यात मुलींना पुढे शिकू देतात का? घरून लग्नाचा दबाव आहे का? वडील कडक आहेत का?” त्या मुलीचे अब्बू सहा महिन्यांपूर्वी वारले होते. नातेवाइकांशी भांडून तिला बी.एस्सी.ला घातलं होतं ते त्यांनीच. ती तीनदा गेली आणि मग थांबली. पुढे माझ्याकडे आली तेव्हा म्हणाली, “मला तिथे अब्बूंची बाजूच घेत बसावं लागलं. त्यांच्यासाठी रडायचं राहूनच गेलं.”

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्या बाईंना त्रास द्यायचा नव्हता. त्यांना मदतच करायची होती. पण ‘तुमच्यात’ हा शब्द आला आणि समोरची मुलगी दिसेनाशी झाली. उरला फक्त बुरखा.

आमच्या क्षेत्रात दोन शब्द वारंवार वापरले जातात: सांस्कृतिक जाण आणि भावनिक बुद्धिमत्ता. पहिल्याचा अर्थ, समोरच्याची भाषा, धर्म, जात, वर्ग, घरातली नाती यांचा त्याच्या दुखण्याशी काय संबंध आहे हे समजून घेऊन काम करण्याची क्षमता. दुसऱ्याचा अर्थ, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखणं, त्यांना नाव देणं आणि त्या ध्यानात घेऊन वागणं. पीटर सालोवे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये ही कल्पना मांडली आणि 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती घरोघरी पोचवली. प्रशिक्षणात हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जातात. सांस्कृतिक जाणेच्या तासाला मुस्लिम समाजाची माहिती देतात: रमजान, निकाह, हलाल, परदा. भावनिक बुद्धिमत्तेच्या तासाला सहानुभूती. माझा अनुभव असा की हे दोन्ही विषय मुळात एकच आहेत. त्या बाईंना माहिती कमी नव्हती, उलट जरा जास्तच होती. आपल्या मनात आत्ता काय चाललंय, आपण कोणतं चित्र पाहतोय, हे तपासायची सवय त्यांना नव्हती.

आता मी तुम्हाला सत्तर वर्षांपूर्वीच्या अल्जीरियात नेते, कारण हा धडा मला तिथल्या एका मनोरुग्णालयाच्या गोष्टीत सगळ्यात स्पष्ट दिसला.

फ्रान्झ फॅनन हे नाव तुमच्यापैकी काहींनी वसाहतवादाच्या संदर्भात ऐकलं असेल. ते मुळात मानसोपचारतज्ज्ञ होते. जन्म 1925 चा, कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावरचा. कृष्णवर्णीय, फ्रान्समध्ये डॉक्टर झालेले. नोव्हेंबर 1953 मध्ये ते अल्जीरियातल्या ब्लिदा गावच्या सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाले. तेव्हा अल्जीरियावर फ्रान्सचं राज्य होतं. तिथल्या नावाजलेल्या मानसोपचारतज्ज्ञांचं ठाम मत होतं की उत्तर आफ्रिकेचा मुसलमान जन्मतःच अप्रगत, पोरकट आणि हिंसक असतो. हे पाठ्यपुस्तकात शिकवलं जायचं. रुग्णालयात युरोपीय आणि मुस्लिम रुग्णांचे वॉर्डही वेगळे होते. फॅनन यांच्याकडे 165 युरोपीय स्त्रिया आणि 220 मुस्लिम पुरुष आले.

रुग्णांना कोंडून ठेवण्यापेक्षा त्यांना मिळून जगायला लावायचं, ही पद्धत फॅनन फ्रान्समध्ये शिकून आले होते. सभा, नाटक, गाणी, हस्तकला, वॉर्डाचं स्वतःचं वृत्तपत्र. युरोपीय स्त्रियांच्या वॉर्डात ती चांगली चालली. मग त्यांनी आणि त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या जाक अझुले या तरुण डॉक्टरने तीच पद्धत मुस्लिम पुरुषांच्या वॉर्डात नेली. ती साफ फसली. सभेत कुणी बोलेना, गाण्याला कुणी येईना, विणकामाला कुणी हात लावेना. वृत्तपत्र काढलं, पण बहुतेकांना वाचताच येत नव्हतं.

इथे दोन रस्ते होते. एक सोपा: “यांच्यात असंच असतं, हे सुधारणारे नाहीत.” वसाहतीचं मानसशास्त्र नेमकं हेच म्हणत होतं. फॅनन आणि अझुले यांनी दुसरा रस्ता धरला. त्यांनी स्वतःला विचारलं की आपलं काय चुकलं. 1954 मध्ये त्यांनी या फसलेल्या प्रयोगावर लेख लिहून प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी कबूल केलं की आपण युरोपीय समाजाची चौकट न तपासता इथे लादली. या रुग्णांपैकी बरेच जण शेतकरी होते. त्यांच्या दृष्टीने विणकाम हे बायकांचं काम. चारचौघांत गाणं हे प्रतिष्ठित माणसाला न शोभणारं. फॅनन यांना अरबी येत नव्हती, म्हणून दुभाष्या लागायचा. या माणसांनी दुभाष्या आजवर कुठे पाहिलेला? कचेरीत, पोलिसांसमोर, कोर्टात. डॉक्टरच्या शेजारी दुभाष्या उभा राहिला की रुग्णाला वाटणार, ही चौकशीच आहे.

मग त्यांनी बदल केले. रुग्णालयातच अल्जीरियन पद्धतीचं कॉफीघर सुरू केलं. मुस्लिम सण साजरे होऊ लागले. गोष्ट सांगणारे कथेकरी बोलावले. विणकामाऐवजी हातात कुदळ-फावडं दिलं. माणसं हळूहळू कोपऱ्यातून उठली.

हे सांगताना मला ‘फॅनन किती महान’ असं म्हणायचं नाही. ते मुस्लिम नव्हते, त्यांना भाषा येत नव्हती, आणि वर्णभेद स्वतः भोगलेला असूनही सुरुवातीला तेही चुकले. सोसलेलं असलं म्हणजे दुसऱ्याचं आपोआप कळतं, असं नाही. त्यांचा मोठेपणा मला वाटतो तो इतकाच, की त्यांनी अपयशाचा दोष रुग्णांवर ढकलला नाही आणि आपल्या विद्यार्थ्याबरोबर बसून ते अपयश तपासलं.

अमेरिकेत 1998 मध्ये मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरी-गार्सिया या दोन डॉक्टर स्त्रियांनी याच वृत्तीला एक नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या संस्कृतीत ‘पारंगत’ होणं अशी काही पदवी नसते. लागते ती नम्रता. आपल्याला माहीत नाही हे मान्य करून आयुष्यभर स्वतःला तपासत राहायची तयारी. पहिल्या प्रसंगातल्या बाईंनी एवढंच विचारलं असतं, “हे कधी सुरू झालं? त्या सुमारास घरात काय घडलं होतं?” तर अब्बू त्या खोलीत आले असते.

इथपर्यंत तुम्ही माना डोलवताय, कारण चूक ‘त्यांची’ होती. आता माझी सांगते.

मी नवीन होते. वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा यायचा. मला ‘आपा’ म्हणायचा. त्याची अम्मी लांबलचक आजारपणानंतर गेली होती. मला वाटायचं, हा माझ्याकडे आला हे बरं झालं. मला फातिहा, चाळिसावा, घरात भरलेली माणसं, रडणाऱ्या पुरुषाकडे बघणाऱ्या नजरा, सगळं ठाऊक होतं. काही समजावून सांगायची गरज नव्हती. तिसऱ्या-चौथ्या भेटीत तो म्हणाला, “आपा, अम्मी गेल्यापासून मी नमाज सोडलीय. उभाच राहवत नाही. मला अल्लाहचा राग येतो.”

मी क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “असं होतं. सब्र ठेव. हळूहळू परत सुरू होईल. अम्मीसाठी दुआ कर, तुलाही बरं वाटेल.”

त्याने “जी” म्हटलं. पुढचा अर्धा तास तो कॉलेजविषयी बोलला. पुढच्या भेटीला आला नाही.

मला वाटलं, मी योग्य तेच बोलले. आपल्या घरात हेच बोलतात. दर आठवड्याला मी एका ज्येष्ठ बाईंकडे सुपरव्हिजनला जायचे. सुपरव्हिजन म्हणजे आमच्या कामातली एक शिस्त आहे. प्रत्येक थेरपिस्टने आपली कामं अनुभवी थेरपिस्टसमोर मांडायची, कुठे अडलं, कुठे चुकलं, मनात काय आलं ते बोलायचं. साहेबाने फाइल तपासावी तसं ते नसतं. नवख्यांना तर ते लागतंच, पण वीस वर्षं काम केलेल्यांनाही लागतं. माझ्या या बाई मुस्लिम नव्हत्या. मी दोन आठवडे त्या मुलाचा विषयच काढला नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, “तो मुलगा येत नाही का?” मी म्हणाले, “नाही. आमच्यात दुःखावर जास्त बोलत नाहीत, मॅडम.”

त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “त्याने नमाज सोडली म्हटल्यावर तुला काय झालं?”

मी धार्मिक नियमांविषयी काहीतरी सांगू लागले. त्या म्हणाल्या, “ते नाही गं. तुला, तुझ्या पोटात, काय झालं?”

तेव्हा मला कळलं की मी घाबरले होते. माझे वडील गेले तेव्हा मलाही तोच राग आला होता. मी तो कुणालाही सांगितला नव्हता, नमाजही सोडली नव्हती, फक्त तो राग आत दाबून टाकला होता. त्या मुलाने माझं झाकण उघडलं आणि मी घाईघाईने ते बंद केलं. त्याला दिलेला सब्रचा सल्ला खरं तर मी मला दिला होता.

म्हणजे ‘तुमच्यात’ म्हणणाऱ्या बाईंनी जे केलं, तेच मी ‘आमच्यात’ म्हणून केलं. त्यांनी समोरच्याऐवजी समाज पाहिला. मी समोरच्याऐवजी स्वतःला पाहिलं. आपलाच माणूस समोर असतो तेव्हा हा धोका जास्त असतो, कारण आपण विचारणं बंद करतो. कोकणातल्या घरातलं दुःख, मराठवाड्यातल्या घरातलं दुःख, मोमिनपुऱ्यातल्या एका खोलीतलं आणि बंगल्यातलं दुःख, सगळ्यांना आपण ‘आमच्यात’ या एकाच शब्दाखाली घालतो. तो मुलगा माझ्याकडे फतवा मागायला आला नव्हता, आणि दीन सोडायची परवानगीही मागत नव्हता. त्याला फक्त तो राग कुणासमोर तरी ठेवायचा होता.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी बाईंनी दाखवली. तो मुलगा माझ्यासमोर गप्प झाला, तशीच मी दोन आठवडे त्यांच्यासमोर गप्प होते. थेरपीच्या खोलीत जे घडतं त्याची सावली सुपरव्हिजनच्या खोलीत पडते, असं हॅरोल्ड सर्ल्स या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1955 मध्ये लिहून ठेवलं आहे. बाईंनी मला रागावून विचारलं असतं, तर मी “जी” म्हणून विषय बदलला असता, अगदी त्या मुलासारखा. त्यांनी मला बोलायला जागा दिली, म्हणून मला ती पुढे कुणाला तरी देता आली. मी त्या मुलाला निरोप पाठवला की मागच्या वेळी मी तुझं पुरतं ऐकलं नाही, यावंसं वाटलं तर ये. महिन्याभराने तो आला.

पण सुपरव्हिजन प्रत्येकाच्या वाट्याला असं येत नाही. आपल्यापैकी जे या क्षेत्रात जाऊ पाहताहेत त्यांच्यासाठी ही दुसरी बाजूही सांगते. एक मुस्लिम मुलगी एका केंद्रात प्रशिक्षण घेत होती. नवीन आलेल्या एका बाईंनी तिचं नाव ऐकलं आणि तिच्यासमोरच म्हणाल्या, “मला दुसरं कुणी मिळेल का? तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” मुलीने हसून “हो, बघते” म्हटलं. संध्याकाळी सुपरव्हिजनमध्ये तिने हे सांगितलं. उत्तर मिळालं, “मनावर घेऊ नकोस. प्रोफेशनल राहा.” विषय संपला.

त्यानंतर ती मुलगी सुपरव्हिजनला जायची, पण फक्त नीट झालेली कामं सांगायची. जिथे अडायचं ते सांगणं तिने बंद केलं. नुकसान फक्त तिचं झालं नाही, तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचं झालं. सुपरव्हिजनच्या खोलीत सत्ता कुणाच्या हातात आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. गुण, प्रमाणपत्र, शिफारस, सगळं ज्येष्ठांकडे. म्हणून विषय काढायची जबाबदारीही आधी ज्येष्ठांची आहे. “हे ऐकून तुला कसं वाटलं?” एवढा प्रश्न पुरला असता. त्याच्यानंतर त्या बाईंच्या भीतीविषयी बोलता आलं असतं, अशा वेळी केंद्राने काय करायचं हे ठरवता आलं असतं. भावना गिळणं म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता, असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. मुलींवर आणि अल्पसंख्याकांवर तो जास्त लादला जातो.

याच्याच शेजारचा आणखी एक मुद्दा. एक तरुण सांगत होता की नोकरीच्या शहरात त्याला सात ठिकाणी खोली नाकारली. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की “आत्ताच दिली” म्हणायचे. तो रात्री जागा राहू लागला. त्याला सांगण्यात आलं की ‘सगळे माझ्या विरोधात आहेत’ ही विचारातली चूक आहे, पुरावे तपासून विचार बदल. विचार तपासण्याची ही पद्धत चांगली आहे, मी स्वतः वापरते. पण पुरावे तपासायचेच तर सात नकार हे पुरावेच आहेत. त्याच्या बाबतीत पहिलं काम होतं “हो, हा अन्याय आहे” असं म्हणणं. त्याच्यानंतर झोपेचं बघता आलं असतं, आणि सात नकारांमुळे आठवं दार वाजवायचीच त्याला भीती वाटू लागली होती, तिचंही. ब्लिदामध्ये फॅननही शेवटी याच प्रश्नापाशी आले. बाहेर स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलं. ज्याला स्वतःच्याच देशात परकं केलंय त्याला फक्त ‘जुळवून घे’ म्हणणारं मानसोपचार आपल्याला करता येणार नाही, अशा अर्थाचं राजीनामापत्र त्यांनी 1956 मध्ये दिलं. जानेवारी 1957 मध्ये सरकारने त्यांना अल्जीरियातून हद्दपार केलं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. जिन, असर, नजर, वसवसा यांचं काय?

फॅनन यांनी 1956 मध्ये फ्रांस्वा सांचेझ या सहकाऱ्याबरोबर यावरही लिहिलं आहे. उत्तर आफ्रिकेतले लोक वेडाचं कारण जिन आहे असं मानत. त्यामुळे आजारी माणूस शिवीगाळ करो वा मारायला धावो, दोष त्याला देत नसत. तो नाही, त्याच्यातला जिन बोलतोय, म्हणून त्याच्याशी माणुसकीने वागत. उलट युरोपीय कर्मचारी रुग्णाच्या वागण्याने दुखावायचे, कारण आत कुठेतरी त्यांना वाटायचं की हा मुद्दाम करतोय. जिनाच्या कल्पनेवर तो लेख शिक्कामोर्तब करत नाही. पण त्या कल्पनेच्या आत आजारी माणसाविषयीची माया आहे, हे तो दाखवतो.

मी जिनाच्या बाजूने किंवा विरोधात वाद घालत नाही. मी विचारते: तुम्हाला काय वाटतं, हे कशाने झालं? आत्ताच का सुरू झालं? सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? काय केल्याने बरं वाटेल? असे प्रश्न विचारण्याची पद्धत आर्थर क्लाइनमन या मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात रुजवली. उत्तर ‘असर झालाय’ असं आलं तरी औषध थांबत नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ नावाचा उपक्रम चालला. दर्ग्यात येणाऱ्यांना तिथेच डॉक्टरांचे उपचार मिळायचे, आणि मुजावरही रुग्णांना त्यांच्याकडे पाठवायचे.

पण मायेच्या नावाखाली काय काय चालतं तेही विसरू नका. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ चालणाऱ्या एका खाजगी आश्रयगृहात आग लागली आणि 28 मनोरुग्ण जळून मेले. साखळदंडाने बांधलेले असल्याने त्यांना पळता आलं नाही. संस्कृतीचा आदर आणि साखळीचा आदर यात फरक करता आला पाहिजे. कुणी बांधत असेल, मारत असेल, उपाशी ठेवत असेल, तर तिथे नम्रता नको, विरोध हवा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधायला पूर्ण मनाई केली आहे.

वसवशाबद्दल. एक मुलगा वुजूला पाऊण तास लावायचा. हात कोरडे पडून चिरलेले. घरचे म्हणायचे, सैतानाचा वसवसा आहे, लाहौल पढ. एका समुपदेशकाने सांगितलं, काही दिवस नमाजच बंद कर. दोघांनीही त्याला एकटं पाडलं. हा ओसीडी नावाचा आजार आहे. त्यावर उपचार आहेत: औषधं, आणि ज्याची भीती वाटते त्याला थोडं थोडं सामोरं जाऊन ती क्रिया थांबवण्याचा सराव. त्याच्याबरोबर काम करताना शरियतमधलाच एक सर्वमान्य नियम आम्हाला कामी आला: खात्री ही नुसत्या शंकेने जात नाही. अवयव तीनदा धुतला, संपलं. एका समजूतदार आलिमने एकदाच ते नीट सांगितलं. एकदाच का? कारण मुफ्तींना पुन्हा पुन्हा फोन करून “माझा वुजू झाला ना?” विचारणं, हाही त्या आजाराचाच भाग होऊन बसतो. ही गोष्ट आलिमला थेरपिस्टने सांगायची असते, आणि तीन वेळा धुण्याची गोष्ट थेरपिस्टला आलिमने. कुणी कुणाची जागा घ्यायची नाही.

आणि हे सगळं ‘पाश्चात्त्यांचं’ आहे असं कुणी म्हटलं तर त्यांना अबू झैद अल-बल्खी यांचं नाव सांगा. बल्ख म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातले हे विद्वान 934 मध्ये वारले. शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. कारण असलेली उदासी आणि कारण न सापडणारी उदासी यांत त्यांनी तेव्हाच फरक केला होता, आणि वसवशावरही सविस्तर लिहिलं होतं. मन आजारी पडतं हे मान्य केल्याने ईमान कमी होत नाही, हे आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी कळलेलं होतं.

आता थोडं व्यवहाराचं.

जे मदत घ्यायला जातील त्यांनी हे लक्षात ठेवा. त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 18 सांगतं की मानसिक आरोग्य सेवा धर्म, संस्कृती, जात, लिंग, वर्ग अशा कुठल्याही कारणाने भेदभाव न करता आणि तुम्हाला स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने मिळाली पाहिजे. ही मेहरबानी नाही, हक्क आहे. पहिल्याच भेटीत तुम्हीही प्रश्न विचारू शकता: तुमचं शिक्षण काय? तुम्ही सुपरव्हिजन घेता का? मी सांगितलेलं कुणाला कळणार नाही ना? एखादा प्रश्न बोचला तर “मॅडम, माझा त्रास तो नाही” असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. चांगला थेरपिस्ट ते ऐकून थांबतो आणि विचारतो. जो चिडतो, त्याच्याकडे पुन्हा जायची सक्ती नाही. पण एकाने दुखावलं म्हणून मदत घेणंच सोडू नका. रात्री-अपरात्री कुणीच नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

भाषेचंही सांगते. आपण घरी दखनी किंवा कोकणी बोलतो, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी. ‘अँग्झायटी’ हा शब्द कॉलेजातला. घरी आपण म्हणतो, “दिल बैठ रहा है”, “जी नहीं लगता”. ज्या भाषेत रडू येतं त्या भाषेत बोला. थेरपिस्टला शब्द कळला नाही तर तो विचारेल. विचारणं हेच त्याचं काम आहे.

आणि जे या क्षेत्रात यायचं म्हणतात त्यांनी जरूर या. पण ‘आपल्या लोकांना आपणच समजू शकतो’ या भरवशावर येऊ नका. मला माझी चूक एका मुस्लिम नसलेल्या बाईंनी दाखवली, तीही एका साध्या प्रश्नाने. आणि ज्या मुलीकडे अब्बूंविषयी कुणी विचारलं नव्हतं, तिला पहिल्या भेटीत मी फार काही केलं नाही. “घरात कोण कोण असतं?” एवढंच विचारलं. ती म्हणाली, “आता आम्ही तिघी.” मी त्या ‘आता’वर थांबले.

फॅनन यांच्या कामातली एक शेवटची गोष्ट सांगून थांबते. 1956 मध्ये त्यांनी आणि शार्ल जेरोनिमी या सहकाऱ्याने मुस्लिम स्त्री रुग्णांना एक मानसशास्त्रीय चाचणी दिली. चित्रं दाखवायची आणि त्यांवरून गोष्ट सांगायला सांगायची. चित्रांतली घरं, कपडे, माणसं सगळी पाश्चात्त्य. बायका अडखळल्या. धड गोष्टच होईना. कुणीही म्हणालं असतं, यांना कल्पनाशक्ती नाही. त्या संचात एक कार्ड पूर्ण कोरं असतं. ते समोर ठेवलं, आणि त्या भरभरून बोलू लागल्या.

तुम्ही थेरपिस्ट व्हा, शिक्षक व्हा, कार्यकर्ते व्हा किंवा नुसते कुणाचे तरी दोस्त राहा. समोर कुणी दुखणं घेऊन बसलं की आधी आपल्या हातातलं रंगवलेलं चित्र खाली ठेवा, ते ‘तुमच्यात’चं असो की ‘आमच्यात’चं. मग विचारा आणि ऐका.